पावसाळ्यात कॉमिक्सना कुबट वास, बुरशी आणि कसर : दर वर्षी परतणारी तक्रार कशी थांबवायची

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जुने कॉमिक्स जपणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. उन्हाळ्यात सगळं पुसून, नवी पाकिटं घालून कपाटात ठेवलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या, तरी ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की तोच वास येतो. अंक टाकाऊ होते किंवा पाकिटं स्वस्तातली होती म्हणून हे होत नाही. बहुतेक वेळा कागदात मुरलेली ओल काढायची राहून गेलेली असते आणि तिच्यासकटच अंक बंद केलेले असतात. त्यामुळे खाली दिलेल्या तपासण्या त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आहेत, आणि बऱ्याच घरांत दोष तिथेच सापडतो.

लक्षणं

अंक हातात घेऊन खिडकीशी जा. वरचा दिवा बंद करा आणि टॉर्च अंकाला जवळजवळ समांतर धरून तिरपा प्रकाश टाका. समोरून न दिसणाऱ्या गोष्टी तिरप्या उजेडात दिसतात.

- कुबट वास, पण डाग नाहीत : कागदात ओल आहे, बुरशी सुरू होण्याच्या बेतात आहे किंवा न दिसण्याइतकी आहे.
- कव्हरला लाटा, पानं मऊ, उलटताना आवाज नाही : ओल नक्की.
- मखमलीसारखे गोल ठिपके, पांढरे, हिरवट किंवा काळे : बुरशी. बोट लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने पावडरसारखी उडाली तर सुप्त, फरफटून डाग पसरला तर जिवंत.
- कागदाच्या आतच असलेले सपाट तपकिरी ठिपके, ब्रशने न हलणारे : हे जुने डाग. घरी जात नाहीत, आणि घालवायच्या नादात अंकच जातो.
- कव्हरचा वरचा रंगीत थर खरवडल्यासारखा, कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या : कसर. तिला खळ, डिंक आणि कव्हरवरचा चकचकीत लेप आवडतो.
- मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण, तपकिरी ओघळ : झुरळं.
- सुईने टोचल्यासारखी गोल भोकं अंकामागून अंक आरपार आणि खाली बारीक भुसा : भुंग्याची अळी.
- पानांवरून पळणारे, टाचणीच्या डोक्याहूनही लहान पांढुरके किडे : हे बारीक बुरशीवर जगतात. ते दिसले म्हणजे बुरशी आहेच, डोळ्याला दिसो वा न दिसो.
- स्टेपलच्या पिनांभोवती नारिंगी-तपकिरी वर्तुळ : गंज.
- मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर किंवा कपाटाच्या मागे : वाळवी. पुढचं काही वाचू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

पानं पिवळी पडणं ही वेगळी तक्रार आहे. १९६४ ते १९९० या काळात निघालेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक असोत की त्या काळातले इतर स्वस्त अंक, स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन न काढता केलेला असतो. लिग्निन उजेड आणि हवेने पिवळं पडतं आणि आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो. हे परत फिरवता येत नाही, फक्त वेग कमी करता येतो : अंधार, थंडावा, कोरडेपणा.

१. जागा (खर्च शून्य)

कपाट कुठल्या भिंतीला टेकलंय ते पहिल्यांदा पाहा. बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि गच्चीखालचा माळा या तीन जागा बाद. माळ्यावर उन्हाळ्यात उष्णता आणि पावसात गळती, दोन्ही मिळतं.

भिंतीची चाचणी सोपी आहे. साधारण ३० सेंमी चौरस जाड प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि ४८ तास ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर भिंतीतूनच ओल येतेय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर हवा दमट आहे आणि भिंत थंड. हा फरक महत्त्वाचा, कारण पहिल्या बाबतीत तुम्ही कितीही सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणलं तरी उपयोग नाही. आधी गळती, मग अंक.

भिंत कोरडी निघाली तरी कपाट तिच्यापासून १० सेंमी पुढे ओढा आणि सर्वांत खालचा खण जमिनीपासून निदान १५ सेंमी वर ठेवा. लोखंडी कपाट वाईट नाही, लाकडी किंवा प्लायच्या कपाटापेक्षा बरंच : प्लायच्या डिंकातून आणि लाकडातून आम्लधर्मी वाफा येतात. पण लोखंड रात्री लवकर गार होतं आणि पत्र्याला आतून दव धरतं, म्हणून अंक पत्र्याला टेकवून ठेवू नयेत.

खणात अंथरलेलं वर्तमानपत्र काढून टाका. ते स्वतः आम्लधर्मी असतं आणि कसरीला घरही देतं.

२. आत काय काय टाकलंय (खर्च शून्य)

डांबराच्या गोळ्या काढा. नॅफ्थलिनच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, वास कागदात वर्षानुवर्षं राहतो, आणि बंद खोलीत ती वाफ माणसालाही चांगली नाही. बुरशीवर तिचा काही भरवसा नाही. कडुनिंबाचा पाला घरात वाळवलेला असला तरी पुरता कोरडा नसतो. ओलही आणतो, किडेही. वेखंडाची पुरचुंडी निरुपद्रवी आहे, ठेवायची तर ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका.

चिकटपट्टीने जोडलेली पानं आता सोडवू नका. तिचा गोंद कालांतराने कागदात मुरून तेलकट तपकिरी होतो, खरं. पण ओढून काढताना छपाईही निघते. नवी चिकटपट्टी मात्र एकही लावू नका. लॅमिनेशन केलेला अंक असेल तर त्याला आहे तसा सोडा, तो आता त्या प्लास्टिकचाच झालाय.

३. आर्द्रता मोजा (साधारण ३०० ते ६०० रुपये)

अंदाजाने हे होत नाही. छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, शक्यतो दोन : एक खोलीत, एक अंकांच्या डब्यात. स्वस्त मापक पाच-सहा टक्के चुकतात, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाणी घाला, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच. ते आणि मापक एका झिप पिशवीत घालून १२ तास बंद ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवा.

आता आकडे. ३५ ते ५० टक्के उत्तम, ५५ पर्यंत चालतं, ६० ला सावध व्हा, ६५ च्या वर काही दिवस राहिलं की बुरशीची तयारी सुरू, ७५ च्या वर कसरीचीही चंगळ. किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा ८० ते ९० टक्क्यांवर असते. म्हणजे उघड्या खिडकीच्या खोलीत, उघड्या कपाटात या महिन्यांत बुरशी न येणं हाच अपवाद.

विदर्भ-मराठवाड्यातल्यांना वाटतं, आपण सुटलो. पावसाळा तिथे सौम्य असतो हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत वाळ्याचा कूलर चालतो तिथे मापक ठेवून पाहा. दुपारी बाहेर २० टक्के आणि खोलीत ७०. कूलर बंद झाला की पुन्हा खाली. रोजच्या या चढउताराने कागद फुगतो, आकसतो आणि पिनेपाशी फाटू लागतो. अंक कूलरच्या खोलीत ठेवू नयेत, एवढाच त्यावर उपाय.

४. पाकिटं आणि बोर्ड

पीव्हीसीचं पाकीट ओळखा : मऊ, बोटाला किंचित चिकट, नव्या रेनकोटसारखा वास. त्यातलं मऊपणा आणणारं रसायन बाहेर येऊन छपाईची शाई उचलतं आणि कव्हर पाकिटाला चिकटतं. शंका असेल तर पाकिटाचा नखाएवढा तुकडा पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथीन वर तरंगतात, पीव्हीसी बुडतं. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते कडक, काचेसारखं स्वच्छ आणि कडकड वाजणारं असतं. ते सर्वांत चांगलं आणि सर्वांत महाग. तेवढा खर्च निवडक अंकांवरच करावा.

कपड्यांच्या दुकानांना लागणारी पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घाऊक बाजारात स्वस्त मिळतात आणि ४० ते ५० मायक्रॉनची असली तर काम देतात. एक खोच आहे : गोंदाची पट्टी झाकणीवर असेल तर अंक आत-बाहेर करताना कव्हर तिला चिकटून सोलतं. पट्टी पाकिटाच्या अंगावर असलेली घ्या, नाहीतर पट्टी कापून टाका आणि झाकणी नुसती दुमडा. पूर्ण हवाबंद करूच नका. अंकातून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफांना वाट हवी. अमेरिकी कॉमिक्सच्या मापाची पाकिटं (साधारण १७ × २६ सेंमीच्या अंकासाठी) आपल्याकडच्या जुन्या अंकांना बसतीलच असं नाही, कारण आपल्या अंकांची मापं वेळोवेळी बदलली. अंक मोजा, रुंदीत एक सेंमी वाढवा, मग मागवा.

पाकिटात अंकाच्या पाठीमागे घालायचा बोर्ड आम्लरहित हवा, साधारण ०.६ मिमी जाडीचा. वहीचा पुठ्ठा, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा किंवा बाइंडिंगचा राखाडी बोर्ड वापरलात तर दहा वर्षांत त्याचा तपकिरी ठसा अंकाच्या पाठीवर उमटेल.

५. आधी सुकवा, मग बंद करा

सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

लोक दमट अंक हवाबंद डब्यात भरतात, सिलिका जेलच्या चार पुड्या टाकतात आणि झाकण लावतात. हिशेब करून पाहा. शंभर अंक बोर्डांसकट सात-आठ किलो होतात. ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत राहिलेला कागद ५० टक्क्यांवर आणायचा तर त्याच्या वजनाच्या साधारण ४ टक्के पाणी बाहेर काढावं लागतं. म्हणजे ३०० ग्रॅम, दीड पेला पाणी. डब्यातली हवा ५० टक्क्यांवर असताना जेल स्वतःच्या वजनाच्या २० ते २५ टक्के पाणी धरतं. म्हणजे सव्वा ते दीड किलो जेल हवं. पाच ग्रॅमच्या चार पुड्यांनी काय होणार? शिवाय बंद डब्यात कागद हाच पाण्याचा मोठा साठा असतो; आतली हवा कागदासारखी होते, कागद हवेसारखा होत नाही. दमट अंक बंद करणं म्हणजे बुरशीसाठी खोली भाड्याने घेऊन देणं.

जेलचं काम कोरडा संग्रह कोरडा ठेवण्याचं. सुकवण्याचं काम त्याआधी करून घ्यायचं.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ऋतू. किनारपट्टीवर डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारी मापक ५० च्या आसपास किंवा खाली येतं. त्या दिवसांत अंक पाकिटातून काढून, सावलीत, किंचित उघडे उभे करून दोन-तीन दिवस ठेवा. दुपारी बाहेर, संध्याकाळी हवा पुन्हा दमट व्हायच्या आत झाकून आत. भर पावसात सुकवायची वेळ आली तर एसी ‘ड्राय’वर लावून खोली बंद ठेवा, मापक ५० च्या आसपास आणा आणि निदान तीन दिवस तिथेच राहू द्या. पंखा अंकांवर सरळ नको, भिंतीकडे तोंड करून. जाड अंकांत दर आठ-दहा पानांनी टिपकागद घाला आणि रोज बदला.

उन्हात घालू नका. पापड वाळवण्याची गच्ची कागदाला चालत नाही : अतिनील किरणांनी लिग्निन पिवळं पडतं, लाल आणि पिवळी शाई उडते, आणि एकाच बाजूने सुकल्याने कव्हर वळतं. हेअर ड्रायर आणि इस्त्रीही नको. लाटा घालवायच्या असतील तर पूर्ण सुकल्यावर दोन स्वच्छ कागदांत ठेवून सपाट फळीखाली आठवडाभर वजन द्या.

६. डबा आणि जेल

झाकणाला रबरी कड आणि चारही बाजूंना खटके असलेला १५ ते २० लिटरचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या. अंक उभे ठेवा, हात सहज जाईल इतपत भरलेले. सैल राहिले तर तिरके होऊन कण्यात वाकतात. मोकळी जागा रिकाम्या बोर्डांनी भरा. आडवे रचायचे तर १५ सेंमीपेक्षा उंच गठ्ठा नको.

कोरड्या संग्रहाच्या एका डब्याला २०० ते २५० ग्रॅम जेल पुरतं, कापडी पिशवीत, अंकांना थेट न टेकवता. नारिंगी रंगाचं घ्या, ओल शोषल्यावर ते हिरवं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात ते नकोच. जेल पुन्हा वापरता येतं : पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास, आणि गार होईपर्यंत बंद बरणीत. १२० च्या वर नेलं तर रंग कायमचा जातो. ट्रे स्वयंपाकाचा नको.

कपाटात टांगायच्या किंवा डब्या ठेवायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या ओलशोषकांपासून दूर राहा. त्यात खारट पाणी साचतं. एकदा कलंडलं की खालचे अंक गेलेच, पिना गंजतात त्या वेगळ्या.

डब्यातला मापक दर पंधरा दिवसांनी पाहा. ५५ ओलांडले तर जेल बदला. बदललेलं जेल दोन दिवसांत पुन्हा हिरवं झालं तर एकतर झाकण बसत नाहीये किंवा पाचवी पायरी अर्धी राहिलीय.

७. कीड

आधी कीड आहे की तिच्या जुन्या खुणा, ते ठरवा. काचेची बरणी घ्या, बाहेरून कागदी टेप गुंडाळा, आत चिमूटभर मैदा टाका आणि रात्री कपाटात ठेवा. कसर टेपवरून चढते, आत पडते, काचेवरून वर येऊ शकत नाही. आठवडाभरात काही सापडलं नाही तर खुणा बहुधा जुन्या आहेत.

जिवंत कीड असेल तर गोठवणं हा सर्वांत सुरक्षित घरगुती उपाय. अंक आधी कोरडे हवेत. दोन झिप पिशव्यांत, हवा काढून, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो, तिथे अंडी मरत नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर दव पिशवीऐवजी कागदावर धरेल. गोठवल्याने बुरशी मरत नाही, फक्त थांबते.

पूर्वी घरोघरी दहा-बारा अंकांचे बांधीव खंड करून घ्यायची पद्धत होती. असे खंड कसरीचं पहिलं लक्ष्य असतात, कारण कण्यात खळ भरलेली असते. ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि मापकही आधी त्याच डब्यात.

कीटकनाशकाचा फवारा कागदावर कधीही नाही. झुरळांसाठी झुरळं मारायच्या जेलचे (सिलिका जेल नव्हे) ठिपके कपाटाच्या बाहेर, बिजागरीपाशी.

८. सुप्त बुरशी झाडणं

अंक पूर्ण सुकल्यावरच. एन-९५ मास्क, हातमोजे, गॅलरी किंवा अंगण, वारा तुमच्याकडून पलीकडे जाणारा. मऊ, रुंद ब्रशने कण्याकडून कडेकडे, एकाच दिशेने. ब्रश त्या दिवसानंतर दुसऱ्या कशाला वापरू नका. डेटॉल, सॅनिटायझर, व्हिनेगर, ओला बोळा हे सगळं बाद : पाण्याने कागद फुगतो, अल्कोहोलने कित्येक शाया फुटतात, आणि डाग तरीही राहतो. डाग राहू द्या. वाढ थांबवणं हे काम होतं, ते झालं.

९. गंजलेल्या पिना

हात स्थिर नसेल तर हे सोडून द्या. मधलं पान उघडा, पिनेच्या दुमडलेल्या टोकांखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा आणि बोथट सुरीने टोकं एकेक करून सरळ करा. मग बाहेरच्या बाजूने पीन हळू उचला. जबड्याचं पीन-रिमूव्हर वापरलं तर कव्हर फाटतंच. जुन्या भोकांतूनच सुती दोरा ओवून मधल्या पानावर गाठ मारा. नवीन भोकं पाडू नका. अंक बाइंडरकडे दिलात तर ‘कटिंग करू नका’ हे कागदावर लिहून द्या, नाहीतर तीन बाजूंनी कडा कापून सुबक करून हातात येईल.

इथे थांबा, माणूस बोलवा

- वाळवी : अंक हलवा, कपाट रिकामं करा, कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. भिंत आणि जमीन यांचं काम आहे ते, कागदाचं नाही.
- भिंतीतून ओल : जलरोधनाचं काम पावसाळ्याआधी. तोवर संग्रह दुसऱ्या खोलीत.
- बुरशी मूठभर अंकांपुरती न राहता खणभर पसरलेली, किंवा घरात कुणाला दमा : झाडायला बसू नका.
- चकचकीत पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली : ओढलं की चित्राचा थर दुसऱ्या पानावर जातो. घरगुती उपाय नाही.
- कागद दुमडताच तुटतो : आम्ल निष्प्रभ करण्याची प्रक्रिया आहे, पण काही शाया तिने रंग बदलतात, आणि गेलेली ताकद परत येत नाही. ठरवू द्या जाणकाराला.
- पुराचं किंवा गळतीचं पाणी : ४८ तासांत बुरशी धरते. पाचसहाच अंक असतील तर सुकवा. जास्त असतील तर आहेत तसे, न उघडता, पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि मग फोन करा. सांडपाण्यात भिजलेले अंक हातमोज्यांशिवाय धरू नका.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, आणि पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांच्या जतनाचं काम चालतं. घरगुती संग्रहाचं काम घेतात का किंवा कुणाचं नाव सुचवतात का, ते आधी विचारा. जाताना अंक साफ करून नेऊ नका. तिरप्या उजेडात काढलेले फोटो, आर्द्रतेचे आकडे आणि आजवर त्यावर काय काय लावलं त्याची यादी न्या. खर्च अंकामागे सांगून घ्या आणि प्रत्येक वेळी तो अंकाच्या बाजारभावाशी ताडून पाहा. दुसरी प्रत सहज मिळणाऱ्या अंकावर संवर्धकाचा खर्च करण्यात अर्थ नाही. तो अंक स्कॅन करून बाकीच्यांपासून दूर ठेवा.